आबांनी कुठे उतरायचं

“मागलं दार कुकडं उघडतंय याचं?” आबांनी विचारलं.

टीव्हीवर लंडनचा नकाशा होता. माझ्या मुलीने, ईशिताने, लॅपटॉप टीव्हीला जोडला होता आणि ती एकेक फ्लॅट उघडून दाखवत होती. जूनमध्ये पाच दिवसांसाठी आम्ही चौघं लंडनला जाणार होतो: मी, माझी बायको रचना, ईशिता आणि माझे वडील. आबा एकोणऐंशी वर्षांचे. टोरोंटोजवळ ब्रॅम्पटनला आमच्याकडे येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. बाबासाहेब लंडनला शिकत असताना ज्या घरात राहिले, ते घर एकदा डोळ्यांनी बघायचं. व्हिसा आला, तिकिटं झाली. आता उतरायचं कुठल्या भागात तेवढं ठरवायचं राहिलं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं.

“आबा, इट्स ॲन अपार्टमेंट. सेकंड फ्लोअर. देअर इज नो बॅक डोअर,” ईशिता म्हणाली.

“मंग दुसरं बघ.”

हा सातवा फ्लॅट होता. एक फार मधोमध होता, एकाचा जिना अरुंद होता, एकाच्या तिन्ही बाजूंना भिंती होत्या. आबा सोफ्यावरून पुढे वाकून नकाशाकडे बघत होते. आपला अधू पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून सरळ केला आणि म्हणाले, “गावाच्या कडंला बघ, बाई. मोठी सडक जवळ पाहिजे. अन् पोलीस चौकी कुठं हाय, ते बी बघून ठेव.”

खुर्चीत बसलेला उन्मेष मोठ्याने हसला. “काका, लंडन बघायला चाललाय की दरोडा घालायला?”

ईशिता हसली. मीही हसलो, हे आधीच सांगून टाकतो. रचना हसली नाही.

उन्मेष आमच्या समोरच्या घरात राहायचा. मूळचा पुण्याचा, टोरोंटोत एका बँकेत सॉफ्टवेअरमध्ये. आमची सहा वर्षांची ओळख होती. रचना नागपूरची, तिच्या हातच्या सावजी रश्श्यावर त्याचा जीव. युरोपातलं कुठलंही शहर काढा, त्याबद्दल उन्मेषचं मत तयार असायचं. कुठल्या भागात उतरावं, कुठल्या नाही, कुठे खिसे कापले जातात, कुठे सकाळी ब्रेड चांगला मिळतो. म्हणून तर त्या रविवारी दुपारी मी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. पहिल्या भेटीत त्याने मला “वाहुळे म्हणजे कुठले?” असं तीनदा विचारलं होतं. मी तीनदा “परभणीचे” म्हणून सांगितलं होतं. त्याला जे कळायचं होतं ते तिसऱ्या वेळी कळलं होतं आणि त्यानंतर आमचं छान चाललं होतं.

“ईशिता, तो प्रिमरोझ हिलचा फ्लॅट बंद कर,” उन्मेष म्हणाला. “ते घर त्याच बाजूला आहे, मान्य. पण तो एरिया एकदम पॉश आहे ग. काका तिथे उगाच अवघडून बसतील. कपिल, तू साउथॉलला घे. इंडियन खाणं मिळेल, हिंदी बोलणारे भेटतील. आणि तिकडे तुमच्यातले पण बरेच आहेत म्हणे. काकांना कम्फर्टेबल वाटेल. ते घर काय, तासभर जाऊन बघून यायचं. राहायला कशाला हवं तिथेच?”

वाईट हेतूने बोलला असं नाही. उलट मदतच करत होता. दातात कोरणं घालून, पाय टेबलावर टाकून मदत करत होता.

मी काही बोलणार, तेवढ्यात आबांनी दोन्ही हात जोडले. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या माणसापुढे माझ्या बापाने हात जोडले आणि मान खाली घालून म्हणाले, “साहेब बराबर म्हणतेत. आपून आपल्या मानसांत राहावं. कामून मधी शिरायचं?”

मी ट्रकचा मेकॅनिक आहे. माझा हात जड आहे आणि ते मला ठाऊक आहे. पहिला ठोसा उन्मेषच्या नाकावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. तो खुर्चीसकट मागे गेला. दुसरा त्याच्या जबड्यावर बसला. तो टेबलाची काच फोडून जमिनीवर पडला, त्याच्या नाकातोंडातून रक्ताची धार लागली आणि ईशिता “डॅड, स्टॉप! स्टॉप इट!” म्हणून किंचाळत होती. रचनाने मागून माझे केस धरून ओढलं. तरी मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि तिसरा मारला. तो हात आडवे धरून “अरे, काय केलं मी? काय केलं?” एवढंच म्हणत होता.

रचनाने माझ्या तोंडावर पाण्याची बाटली ओतली तेव्हा मी थांबलो. उन्मेष भिंतीचा आधार घेत उठला, शर्टाने नाक दाबलं आणि फुटलेल्या काचेवरून चालत दारातून बाहेर पडला.

“आबा कुठं आहेत?” रचनाने विचारलं.

सोफा रिकामा होता. स्वयंपाकघराचं परसात उघडणारं दार सताड उघडं होतं आणि मार्चचा गार वारा घरात शिरत होता.

आता ती गोष्ट सांगायला हवी. ईशिताला ती तोवर माहीत नव्हती. चूक माझीच. पोरीला कशाला हे, असं म्हणत मी एकोणीस वर्षं काढली.

आबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्यावरचे खड्डे खडी आणि डांबराने बुजवायचे, उन्हात, तीस वर्षं. आमचं घर गावाबाहेर, बौद्धवाड्यात. एक वाणी गाव सोडून शहरात निघाला आणि त्याने आपली पेठेतली जागा विकायला काढली. गावाच्या मधोमध, चावडीपासून हाकेच्या अंतरावर. आबांनी ती घेतली आणि त्यावर स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. स्लॅबचं घर तेव्हा गावात चौघांचंच होतं. निरोप यायला लागले. आधी गोडीने, मग शिव्या, मग एका सकाळी ओट्यावर मेलेलं कुत्रं. आबा म्हणाले, कागद माझ्या नावाचा हाय.

घरात राहायला गेलो तो दिवस. सकाळी बुद्धवंदना झाली होती. आई, कांताबाई, मागच्या खोलीत बुंदी पाडत होती. अकराच्या सुमाराला ते आले. वीसेक जण. पहारी, कुऱ्हाडीचे दांडे, सायकलच्या चेनी. ज्याच्या शेतात आईने आयुष्यभर कापूस वेचला तोही त्यांच्यात होता. त्यांनी आबांना उंबऱ्यावरून ओढून काढलं. दोघांनी पाय धरला आणि तिसऱ्याने गुडघ्यावर पहार घातली. एकदा नाही, हाड कातड्याबाहेर येईपर्यंत. आईने मला मागच्या दारातून ढकललं आणि म्हणाली, “पळ.”

मी सोळा वर्षांचा होतो. आईपेक्षा हातभर उंच, कुस्ती खेळलेला. मी पळालो. उसात शिरायच्या आधी एकदा वळून पाहिलं तेव्हा ती परत आत जात होती.

पुढचं मी पाहिलं नाही, कोर्टाच्या कागदांत वाचलं. तिने कढईतला झारा उचलला आणि जो पहिला आत शिरला त्याच्या तोंडावर उकळत्या तेलासकट हाणला. मग त्यांनी तिला सोडली नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती चौथ्या दिवशी गेली, डोळा न उघडता. पोलिसांनी पहिला गुन्हा आबांवर नोंदवला, तेल फेकल्याचा. त्या वीस जणांवरचा खटला पाच वर्षं चालला, साक्षीदार फुटले आणि सगळे सुटले. स्लॅब त्यांनी त्याच दुपारी पाडला होता.

तेव्हापासून आबा जिथे राहिले तिथे आधी मागचं दार बघत आले. वस्तीच्या कडेचं घर आणि पळायला मोठा रस्ता. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक झालो, दुबईला गेलो, इकडे आलो. आबा येणार म्हणून ब्रॅम्पटनला हे घर घेतलं ते रांगेतलं शेवटचं घेतलं. एजंटला वाटलं, आम्हाला ऊन हवं असेल.

परसात बर्फ अर्धवट वितळला होता. त्यावर एका पायाचे ठसे होते आणि शेजारून दुसऱ्या पायाने ओढत नेलेली रेघ. ती रेघ शेडच्या मागे गेली होती. आबा तिथे कुंपणाला पाठ लावून चिखलात बसले होते. पायांत नुसते मोजे. ओठ निळे पडले होते आणि हाताने तोंड घट्ट दाबून धरलं होतं, श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून.

मी जवळ गेलो तसे ते अंग चोरून आणखी मागे सरकले. त्यांना मी ओळखू आलो नव्हतो. माझ्या हाताला उन्मेषचं रक्त होतं. ते रक्त बघून माझा बाप मला घाबरला होता.

मी हात पाठीमागे घेतले आणि गुडघ्यांवर बसलो.

“कांता,” ते हळूच म्हणाले, “पोरगं निघालं का?”

त्या दिवसाबद्दल आम्ही बापलेक आयुष्यात एक अक्षर बोललो नव्हतो. तू का पळालास, असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, ते मनातून मला भेकड समजतात. तेहेतीस वर्षं मी त्या गैरसमजावर माझा राग पोसला होता. आणि इथे हा माणूस गुडघा फुटलेल्या अवस्थेत एवढंच विचारत होता.

“निघालं,” मी म्हणालो. “लांब गेलं.”

“मंग बरं झालं,” ते म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना उचललं. वजन असं काही राहिलंच नव्हतं. 

आत आल्यावर रचनाने त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवले. वीस मिनिटांत पोलीस आले. उन्मेषनेच फोन केला होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही केला असता. दोन अधिकारी होते, एक बाई, एक पुरुष. फुटलेली काच, कार्पेटवरचं रक्त त्यांनी पाहिलं आणि माझं नाव विचारलं. मी हात पुढे करणार, तोच आबा खुर्चीतून उठले, ओले पाय फरशीवर टाकत त्या बाईसमोर गेले आणि त्यांनी दोन्ही मनगटं जुळवून पुढे धरली.

“साहेब, मला न्या. पोरानं काय न्हाई केलं.”

त्या बाईला भाषा कळली नाही, पण बाकी कळलं असावं. तिने त्यांची मनगटं हळूच खाली केली आणि त्यांना परत खुर्चीत बसवलं. मग मला बेड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटलो, पण अटींवर. उन्मेषशी बोलायचं नाही, त्याच्या दाराशी जायचं नाही. खटला संपेपर्यंत ऑन्टारिओ सोडायचं नाही, पासपोर्ट जमा करायचा. म्हणजे लंडन संपलं.

रचना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आली, बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“एक सांगा. काहून मारलं तुम्ही त्याले?”

“त्याने काय म्हटलं ते ऐकलंस ना तू?”

“ऐकलं. मलेही चीड आली. पण तुम्ही त्याले मारलं का गावाले मारलं? गाव तर तिथंच हाये अजून. इथं एका माणसाचं नाक गेलं अन् आपला म्हातारा बर्फात जाऊन बसला. कोणाचं काय वाकडं झालं, सांगा ना मले!”

खिडकीतून समोर उन्मेष नाकाला पट्टी लावून ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना दिसायचा. माझ्या खिडकीकडे चुकूनही बघायचा नाही. त्याचे शब्द वाईट होते. आपण वाईट बोललो हे त्याला कळलंच नाही, ते त्याहून वाईट. पहिल्या ठोशाचा मला पश्चात्ताप होत नाही, कोणाला खोटं कशाला सांगू? तिसऱ्याचा होतो. तो जमिनीवर पडलेल्या माणसाला मारला होता, आणि पडलेल्या माणसाला मारणारे कसे दिसतात ते मला माहीत होतं.

आबांनी लंडनचं नाव टाकलं. “मला न्हाई जायचं,” एवढंच म्हणायचे. सकाळी उठून खिडकीत बसायचे, जेवायचे, पुन्हा खिडकीत. ईशिताने मला विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, आजी कशी गेली तेही. तिने परसाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “सो दॅट्स व्हाय द बॅक डोअर. अँड आय लाफ्ड.”

“मीही हसलो, बेटा.”

एप्रिल संपत आला होता. एका रविवारी मी गाडीचे विंटर टायर काढून आत आलो, तर आबा टीव्हीसमोर बसले होते आणि नकाशा पुन्हा लागला होता. त्यांनी स्वतःच ईशिताला लावायला सांगितला होता.

“ईशी,” ते म्हणाले, “बाबासाहेब राहात व्हते त्या घराला मागलं दार व्हतं का गं?”

“आय डोन्ट नो, आबा. आय कॅन चेक.”

“नको.” ते गुडघ्यावरून हात फिरवत होते. “रातंदिस पुस्तकं वाचीत बसायचे म्हनं. दाराकडं बघाया त्यायला सवड कुठली असंल?”

रचना भाजी चिरता चिरता थांबली होती.

“तो फ्लॅट दाखीव त्या दिसाचा. दुसऱ्या मजल्याचा. मधला.”

ईशिताने प्रिमरोझ हिलचा तो फ्लॅट उघडला. एक खोली, एक खिडकी, एक दार. आबांनी फोटो नीट बघून घेतले. मग म्हणाले, “तिथंच कर.”

“आर यू शुअर, आबा? मेन रोड जवळ नाहीये.” एवढं मराठी वाक्य ती बऱ्याच दिवसांनी बोलली होती.

“व्हय. कर.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी तिला विचारलं, “तुझ्या बापाला न्हाई सोडायचे?”

“नो, आबा.”

“मंग मी बघून येतो अन् त्याला सांगतो.”

जूनमध्ये मी त्या तिघांना विमानतळावर सोडलं. आबांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. व्हीलचेअर आणली होती पण बसले नाहीत, रचनाचा हात धरून पाय ओढत गेटपर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी गॅरेजमध्ये डबा उघडून बसलो होतो. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. ईशिताचा फोन आला. ती आणि रचना खाली दूध-ब्रेड आणायला निघाल्या होत्या, फोन आबांच्या हातात देऊन गेल्या.

“बघितलं का घर?” मी विचारलं.

“बघितलं. पुढं पायऱ्या हाईत. दोन डाव मोजल्या.” 

“आत गेलात?”

“गेलो ना. हात लावून बघितलं भिंतीला. तू पाहिजे व्हता.”

मी पोळीचा तुकडा डब्यात तसाच ठेवला. “फ्लॅट बरा आहे का? जिना चढता आला का?”

“ईशीनं चढवलं. खिडकीत बसलोय. खालून मानसं चाललीत, कुत्री घेऊन, लेकरं घेऊन. कुनी वर बघत न्हाई.” 

“भीती नाही ना वाटत?”

पलंगाची स्प्रिंग वाजली. “जरा पडतो,” ते म्हणाले. फोन बंद करायचा असतो हे त्यांच्या कधीच लक्षात राहत नाही. त्यांनी तो उशाशी ठेवला असावा. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो लांब व्हायला लागला, जड झाला आणि आबा घोरायला लागले.

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. माझा बाप घोरतो हे मला माहीत नव्हतं.

“कपिल, ओ ट्रेलर आ गया, चल!” गॅरेजचा मालक गिल दारातून ओरडला. मी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि फोन दाखवला. “कौन है?” त्याने हळूच विचारलं.

“बाप सो रहा है.”

गिलने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

मी फोन हत्यारांच्या ट्रॉलीवर ठेवला. ट्रेलरचं मागचं चाक काढायचं होतं. नट काढायची एअर गन फार ओरडते, म्हणून ती खुंटीला लावली आणि लांब दांड्याचा पाना घेतला. दहा नट होते. एकेक करून मी ते हाताने सोडवायला घेतले.